घोडनदीकाठची वस्ती, येरवड्यातले दालन

इनामगाव शिरूर तालुक्यात मोडते, पण तिथून शिरूरपेक्षा दौंड जवळ. गाव घोड नदीच्या उजव्या काठाला आहे. थोडे खाली गेले की घोड भीमेला मिळते, भीमेपलीकडे दौंड तालुका, आणि घोडेच्या समोरच्या काठाला श्रीगोंदा, म्हणजे जिल्हाच वेगळा. अशा तिहेरी शिवेवरच्या या गावाचे नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे. गावातला सर्वांत प्रसिद्ध माणूस मात्र गावात राहत नाही. त्याचा मुक्काम पुण्याला, येरवड्याला, डेक्कन कॉलेजात.

हा माणूस सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी वारला. नातेवाइकांनी त्याला चार पायांच्या, पोट सुटलेल्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात गुडघे दुमडून बसवले आणि रांजण घराच्या अंगणात पुरला. वस्तीतल्या बाकीच्या प्रौढांना आडवे पुरत आणि पुरण्याआधी त्यांचे पाय घोट्याखाली तोडत. मेलेल्याने पळून जाऊ नये, घरातच राहावे, हा त्यामागचा हेतू असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. त्याला ही सवलत का मिळाली, हे उत्खनन करणाऱ्यांना पडलेले कोडे होते. तो गावचा प्रमुख असावा, हे त्यांनी दिलेले उत्तर.

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाचा इतिहास लिहायचा तर तो या रांजणाच्या आजूबाजूने लिहावा लागतो. पण सुरुवात त्याच्या बरीच आधी, शनिवारवाड्याच्या सावलीत झाली.

६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले. पेशवाई बुडून तीनच वर्षे झाली होती. पेशवे दरवर्षी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्या दक्षिणा फंडातला पैसा इंग्रजांनी या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. जुन्या राजवटीच्या दानातून नव्या राजवटीचे कॉलेज उभे राहिले. १८५१ मध्ये इंग्रजी शाळा त्यात मिळून पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीच्या आधारावर येरवड्याच्या माळावर गॉथिक धाटणीची दगडी इमारत बांधली गेली. १८६८ पासून कॉलेज तिथे आहे. टिळक, आगरकर, राजवाडे तिथे शिकले. वसतिगृहातली टिळकांची खोली आजही दाखवतात.

१९३४ मध्ये सरकारने काटकसरीच्या नावाखाली हे कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. देणगी शिक्षणासाठी दिलेली आहे, ती सरकारला मोडता येणार नाही, या मुद्द्यावर ते न्यायालयात गेले आणि जिंकले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले, पण रूप बदलून. आता ते बी. ए. च्या वर्गांचे कॉलेज राहिले नाही. भाषाशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि पुरातत्त्व यांची पदव्युत्तर संशोधन संस्था झाले. पाच वर्षांच्या टाळ्याने संस्थेचे भलेच केले, असे आज म्हणायला हरकत नाही. जुने कॉलेज चालू राहिले असते तर ते चांगले कॉलेज राहिले असते, इतकेच.

नव्या संस्थेत पहिल्याच वर्षी जी माणसे रुजू झाली त्यांत इरावती कर्वे होत्या आणि हसमुख धीरजलाल सांकलिया होते. सांकलिया लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले होते. तिथे त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात काम केले होते. हे नमूद करायचे कारण असे की तोवर महाराष्ट्रात इतिहास म्हणजे बखरी, ताम्रपट आणि दफ्तरे. कुदळ हातात घेऊन इतिहास शोधणारा प्राध्यापक विद्यार्थ्यांना नवीनच होता.

योगायोग असा, की त्याच १९३९ मध्ये दफ्तरांचा एक मोठा खजिनाही येरवड्याला आला. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी आयुष्यभर जमवलेला साताऱ्याचा ऐतिहासिक संग्रह डेक्कन कॉलेजकडे सोपवला गेला. पारसनीस म्हणजे झाशीच्या राणीचे चरित्रकार आणि ‘इतिहाससंग्रह’ मासिकाचे संपादक. कागद, चित्रे, नकाशे आणि नाना फडणिसांचे मेणवली दफ्तर त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. १९२६ मध्ये ते वारले तेव्हा हा संग्रह साताऱ्यात होता. येरवड्यात आल्यावर त्यातून मराठा इतिहासाचे संग्रहालय उभे राहिले. एका आवारात एकीकडे पेशव्यांचे कागद आणि दुसरीकडे नदीच्या पात्रात सापडलेली दगडी हत्यारे, अशी ही जोडगोळी जमली. शिरूर-दौंडच्या माणसाला दोन्ही दालनांत आपला मुलूख भेटतो, म्हणून दोन्हींविषयी लिहायचे.

हा मुलूख फार पूर्वीपासून सरहद्दीचा. दौंडजवळ भीमेच्या पलीकडच्या काठाला पेडगावचा बहादूरगड उभा आहे. मोगल सरदार बहादूरखान कोकलताश याने शिवाजी महाराजांच्या काळात इथे ठाण मांडले ते मराठी मुलखाच्या तोंडावर बसण्यासाठी. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबासमोर आणले ते याच गडावर. पुढे १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाच्या दाराशी इंग्रजांची तैनाती फौज बसली आणि तिचे मोठे ठाणे घोडनदी म्हणजे शिरूर येथे झाले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी याच छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. त्या लढाईचे पुढचे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथल्या विजयस्तंभाला भेट देऊन गेले, तेव्हापासून तर अधिकच.

छावणीची एक आठवण मात्र शिरूरबाहेर फारशी कोणी सांगत नाही. तैनाती फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरला वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे शेतकरी सत्पुरुष मानून सुगीचे पहिले धान्य नैवेद्याला नेत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. ज्याच्या फौजेने राज्य घेतले त्यालाच धान्याचा नैवेद्य! सरहद्दीवरच्या लोकांचे हिशेब पुस्तकातल्या हिशेबांशी जुळत नाहीत ते असे.

सांकलियांनी हाती घेतलेली सरहद्द या सगळ्यापेक्षा जुनी होती, आणि तिथे सैन्य नव्हते. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात शेती पहिल्यांदा कुणी केली, हा त्यांचा प्रश्न होता. १९५०-५१ मध्ये संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी उत्खनन झाले आणि तांबूस पृष्ठावर काळ्या रेषांनी नक्षी काढलेली, तोटीची, खणखणीत भाजलेली भांडी मिळाली. त्या भांड्यांना गावाचे नाव पडले आणि ‘जोर्वे संस्कृती’ हा शब्द रूढ झाला. मग नर्मदेकाठचे नावडाटोली, प्रवरेकाठचे नेवासे, घोडेच्याच वरच्या अंगाचे चांडोली आणि बारामती तालुक्यातले सोनगाव अशी एकेक गावे खणली गेली. भांडी कळली, कालक्रम कळला. माणसे कळली नाहीत.

याचे कारण खणण्याच्या रीतीत होते. उभा अरुंद खड्डा घेतला की थरांवर थर दिसतात, कोणते भांडे आधीचे आणि कोणते नंतरचे ते समजते. पण घराचा एखादा कोपरा दिसतो, घर दिसत नाही. संपूर्ण गाव पाहायचे तर आडवे, ऐसपैस खणायला हवे. त्यासाठी अशी जागा हवी जिच्या डोक्यावर नंतरच्या काळाची वस्ती बसलेली नाही. नेवाशाला ती अडचण होती. इनामगावच्या मुख्य टेकाडाला नव्हती. लोक इथून सुमारे २,७०० वर्षांपूर्वी निघून गेले आणि टेकाडावर पुन्हा कुणी गाव वसवले नाही.

१९६८ मध्ये काम सुरू झाले आणि १९८३ पर्यंत बारा हंगाम चालले. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाल्यावर पुढची धुरा मुख्यत्वे ढवळीकरांनी वाहिली. एकाच खेड्यावर पंधरा वर्षे, आणि तेही सोन्याचा हंडा किंवा शिलालेख मिळण्याची आशा नसताना! संस्थेच्या इतिहासात यापेक्षा धाडसी निर्णय दुसरा सापडणार नाही. परीक्षेचे निकाल, पदव्या, १९९० मध्ये मिळालेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा हे सारे त्याच्यापुढे कारकुनी वाटते.

मिळाले काय, तर शंभराहून अधिक घरे आणि अडीचशेहून अधिक दफने. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास माळव्याकडच्या धाटणीची भांडी वापरणारे लोक इथे आले. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० हा जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ. तेव्हाची घरे चौकोनी आणि ऐसपैस, बुटक्या मातीच्या भिंतींची, वर गवताचे छप्पर. घरात चूल, धान्याची बळदे, कणग्या ठेवायचे ओटे. मधोमध पाच खोल्यांचे एक घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. हे गावप्रमुखाचे, असे ढवळीकरांनी मांडले. कुंभार, सोनार असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला राहत. म्हणजे कोण कुठे राहणार, हे तेव्हाही ठरलेले होते.

गावाच्या कडेने त्यांनी पाट खणला होता. सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल, शेजारी दगडमातीचा बांध. नदीचे जास्तीचे पाणी वळवून शेताला द्यायचे आणि पुरापासून गाव राखायचे, असे दुहेरी काम त्याने केले असावे. असा पाट एका कुटुंबाकडून होत नाही. सगळ्या गावाला कामाला लावणारे कुणीतरी लागते. आज याच टापूत चिंचणीचे घोड धरण आहे, कालवे आहेत, न्हावऱ्याला घोडगंगा आणि दौंडकडे पाटसला भीमा असे सहकारी साखर कारखाने झाले. पाण्याची वाटणी कुणी करायची, हा प्रश्न या नदीकाठी किती जुना आहे ते त्या पाटाच्या छेदावरून कळते.

संग्रहालयातली सर्वांत मोलाची वस्तू कदाचित सर्वांत कमी देखणी आहे: जळून कोळसा झालेले धान्य. मु. दि. काजळे यांनी त्याचा अभ्यास केला. सातू हे मुख्य पीक होते. गहू, मसूर, कुळीथही होते. पी. के. थॉमस यांनी जनावरांची हाडे तपासली आणि गुरे, शेळ्या-मेंढ्या, हरणे यांचा हिशेब मांडला. सुभाष वाळिंबे, केनेथ केनेडी आणि जॉन लुकाक्स यांनी माणसांच्या हाडांवर व दातांवर काम केले. वनस्पती, प्राणी, माणूस, माती, प्रत्येकासाठी वेगळा तज्ज्ञ ही आज पुरातत्त्वातली सामान्य गोष्ट आहे. सत्तरच्या दशकात भारतातल्या एखाद्या विद्यापीठीय विभागाने ती एका खेड्यासाठी करून दाखवणे सामान्य नव्हते.

पाहुण्यांची गर्दी मात्र देवीपाशी होते. १९७०-७१ च्या हंगामात एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकण लावलेली एक लांबट डबी सापडली. आत कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती. वर दुसरी स्त्रीमूर्ती, मुद्दाम बिनडोक्याची, आणि तिच्याजवळ बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते. काडी घातली की देवी बैलावर बसे. डबीत घालून जमिनीत पुरलेली ही देवी कशाची, यावर लेख लिहिले गेले. मुलांच्या रक्षणाची असावी, हा एक कयास. तो पटायला मुलांची दफने पाहावी लागतात. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत मूल. अशी दफने इतकी आहेत की त्या गावात बाळ वाढवणे किती कठीण होते ते वेगळे सांगावे लागत नाही. अशा घरात आईने जमिनीखाली देवी पुरली असेल, तर ती पिकासाठी नसावी.

इथे थोडे विषयांतर. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या लोन पाइन गावात वेस्टर्न सिनेमांचे एक संग्रहालय आहे. शेजारच्या अलाबामा टेकड्यांत काउबॉयपटांचे चित्रीकरण होई, त्या सिनेमांतल्या वस्तू तिथे जपल्या आहेत. याच टेकड्यांनी १९३९ च्या ‘गंगादीन’ या चित्रपटात हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीचे सोंग घेतले होते. आपल्याकडे त्या चित्रपटाने इतका संताप उसळला की मुंबई इलाख्यात त्यावर बंदी आली. लोन पाइनचे लोक खोट्या सरहद्दीची आठवण प्रेमाने जपतात, आणि त्यात वावगे काही नाही. सिनेमा हाही इतिहासच. पुण्यातही १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तिथे पोस्टर पाहायला गेलेला माणूस रमतो. पण सिनेमाची वस्तू दिसण्यासाठीच बनवलेली असते. इनामगावची एकही वस्तू कुणी पाहावी म्हणून बनलेली नव्हती, देवीची डबी तर नाहीच. म्हणून येरवड्याचे दालन पहिल्या फेरीत रुक्ष वाटते. शाळेच्या सहली घाईने पुढे सरकतात. समजावून सांगणारा सोबत असला, तर तीच मुले खापरांपुढे अर्धा तास थांबतील.

उत्खननाचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ढवळीकरांचे ‘द फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन’ हे पुस्तकही त्याच वर्षीचे. दोन्ही इंग्रजीत. मराठी वाचकापर्यंत हे सारे पोचवण्याचे काम त्यांनी पुढे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहून केले. ते पुस्तक शिरूर-दौंडच्या प्रत्येक वाचनालयात असायला हवे. ढवळीकर २०१८ मध्ये गेले. सांकलिया त्याआधी, १९८९ मध्ये.

गाव का उठले, हा प्रश्न दोघांच्या पश्चात अजून मिटलेला नाही. इसवी सनापूर्वी १००० नंतर चौकोनी घरे गेली आणि गोल, तोकड्या झोपड्या आल्या. ढवळीकरांना त्या ओळखीच्या वाटल्या, कारण त्याच परिसरात पाल टाकणाऱ्या फासेपारध्यांच्या झोपड्या त्यांनी पाहिल्या होत्या. भांड्यांची नक्षी ओबडधोबड झाली, गहू कमी झाला, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढली. पाऊसमान घटले, शेती बसली आणि शेतकरी भटके झाले, हे ढवळीकरांचे स्पष्टीकरण. शिरूर-दौंडच्या कुणाही म्हाताऱ्याला ते लगेच पटेल. १९७२ चा दुष्काळ त्याने पाहिलेला आहे, आणि तो उत्खनन चालू असतानाच पडला. २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या लहान मुलांच्या हाडांवर पुस्तक लिहिले. वाढ खुंटल्याच्या, पोट न भरल्याच्या खुणा त्यांनी दाखवल्या, पण पाऊस आटला एवढे एकच कारण देऊन भागणार नाही असे मांडले. ज्या हाडांवर हा वाद चालला ती डेक्कन कॉलेजात नीट जपून ठेवलेली होती, म्हणून तो होऊ शकला. प्रदर्शनाच्या कपाटांपेक्षा मागच्या खोल्यांतली ही कपाटे संस्थेची खरी कमाई आहेत.

तक्रार करायची तर एकच. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत इनामगावविषयी जाणून घ्यायला एखादी खोली असायला हवी. मूळ वस्तू येरवड्यातच राहाव्यात. कच्च्या मातीच्या मूर्तींना हलवणे धोक्याचे असते, आणि अभ्यासकांना सगळा साठा एका जागी लागतो. प्रतिकृतींना मात्र अशी अडचण नाही. तोटीची भांडी घडवणारे कुंभार सापडतील. दौंड तर १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाल्यापासून रेल्वेचे जंक्शन आहे. तिथे गाडीची वाट पाहत बसलेल्यांची कमतरता नाही. दालन झालेच, तर पहिली प्रतिकृती पाटाच्या छेदाची करावी: चार मीटर रुंदी, साडेतीन मीटर खोली, खऱ्या मापाने. कालव्याच्या पाळीसाठी पाटबंधारे खात्यात हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला ती समजावून सांगायला मार्गदर्शक नेमावा लागणार नाही.